सूनबाईंचा बोका आणि घरचा इग्वाना

प्रश्न थोडक्यात असा. पुण्यात कोथरूडला राहणाऱ्या एका ताईंच्या घरी चार वर्षांचा नर इग्वाना, म्हणजे परदेशी मोठा सरडा, आहे. मुलाने हौसेने आणलेला, हिरवागार म्हणून नाव पोपट. तो हॉलमध्ये काचेच्या टाकीत राहतो. वर जाळीचं झाकण, झाकणावर ठेवलेला दिवा. दुपारी तासभर गॅलरीत मोकळा असतो. पुढच्या महिन्यात मुलाचं लग्न आहे आणि सूनबाईंबरोबर त्यांचा तीन वर्षांचा बोका बंड्याही येणार आहे. ताई विचारतात, ‘दोघांची हळूहळू ओळख करून दिली तर जमेल ना? मुलाने एक व्हिडिओ दाखवला, त्यात मांजर इग्वानाच्या पाठीवर डोकं ठेवून झोपलेलं आहे.’

ताई, ओळख करून द्यायच्या भानगडीत पडूच नका. दोघं एका घरात सुखाने राहू शकतात, माझ्या प्राण्यांच्या दवाखान्यात येणाऱ्या काहींच्या घरांत वर्षानुवर्षं राहताहेत. पण ते एकमेकांना आवडतात म्हणून नव्हे, तर मधलं दार नीट लागतं म्हणून.

त्या व्हिडिओबद्दल आधी बोलू, कारण मुलाला पटवायचं तुमच्याच गळ्यात पडणार आहे. मांजराला ऊब हवी असते, म्हणून ते दिव्याखाली तापलेल्या इग्वानाला टेकतं. इग्वाना हलत नाही, म्हणून आपल्याला वाटतं त्याला बरं वाटतंय. पण सरपटणारा प्राणी घाबरला की पळेलच असं नाही, पुष्कळदा तो गोठतो. व्हिडिओ पुन्हा लावा आणि फक्त इग्वानाकडे बघा. रंग नेहमीपेक्षा काळपट आहे का? गळ्याखालची कातडी ताणलेली आहे का? मांजराच्या बाजूचा डोळा मिटलेला आहे का? एकच डोळा मिटून पडलेला इग्वाना डुलकी काढत नसतो. नकोशा गोष्टीकडे तो डोळा बंद करतो. मांजर नवीन आल्यावर ‘आमचा अगदी शांत झालाय हो’ असं सांगत लोक इग्वाना घेऊन येतात. वजन केलं की कळतं, शांत झालेला नाही, त्याने खाणं सोडलंय.

इग्वानाच्या टाळूवर, दोन डोळ्यांच्या जरा मागे, एक फिकट गोल खवला असतो. पोपटला उजेडात धरून पाहा, दिसेल. तो त्याचा तिसरा डोळा. त्याला चित्र दिसत नाही, उजेड आणि सावली तेवढी कळते. मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या जंगलात झाडावर ऊन खात पडलेल्या इग्वानाचा मोठा शत्रू वरून येतो, ससाणा किंवा गरुड. डोक्यावर सावली सरकली की जीव वाचवायचा, हे त्या डोळ्याचं एक मोठं काम. आता तुमची टाकी आठवा. हॉलमध्ये, बहुधा टीव्हीच्या उंचीवर, वर जाळी आणि जाळीवर गरम दिवा. बंड्याला घरातली सगळ्यात आवडणारी जागा कुठली असेल? तीच. झाकण दणकट असलं, त्याने कधी पंजा घातला नाही, तरी चार किलोचं एक जनावर दिवसभर पोपटच्या डोक्यावर सावली धरून बसणार. त्याच्या लेखी तो ससाणा उडून जातच नाही. म्हणून माझा पहिला प्रश्न नेहमी हा असतो: मांजराला पिंजऱ्याच्या वर बसता येतं का? बाकी सगळं नंतर.

आता बंड्याची बाजू. तो लाडाकोडात वाढलेला, पोटभर खाणारा बोका असेल. त्याने फरक पडत नाही. मांजराची शिकार भुकेला फारशी बांधलेली नसते. काहीतरी लहानसं सरपटत, थबकत, पुन्हा सरपटत गेलं की त्याचं आतलं बटण दाबलं जातं. आणि आपल्याकडच्या मांजरांना याची शिकवणी घरातच मिळते. ट्यूबलाइटजवळची पाल किती मांजरं सोडतात? शेपटी तुटून वळवळत राहते, पाल निसटते आणि मांजर शेपटीशी खेळत बसतं. आपण हसतो. बंड्यासाठी पोपट म्हणजे अवाढव्य पाल. (जाता जाता: सूनबाईंना सांगा, त्याला पाली खाऊ देऊ नका. उष्ण प्रदेशात पालींमधून मांजराच्या पित्तनलिकेत चपट्या कृमी जातात आणि काही मांजरं त्याने काविळीपर्यंत पोचतात.)

तर पिंजरा. खरं सांगायचं तर चार वर्षांच्या नराला काचेची टाकी केव्हाच अपुरी पडली असणार. पूर्ण वाढलेला नर शेपटीसकट दीड मीटरपर्यंत जातो आणि तो झाडावर राहणारा प्राणी आहे, त्याला उंची लागते. लग्नाच्या खर्चात हा एक वाढवा. ॲल्युमिनियमच्या खिडक्या करणाऱ्या फॅब्रिकेटरकडून निदान सहा फूट उंच, सहा फूट रुंद, तीन फूट खोल असा सांगाडा करून घ्या. समोर वेल्डेड जाळी, भोक अर्ध्या इंचापेक्षा मोठं नको, म्हणजे पंजा आत जात नाही. डासांची जाळी चालणार नाही. बोक्याच्या नखांपुढे ती दोन दिवस टिकत नाही, शिवाय इग्वानाचीच नखं तिच्यात अडकून उपटतात. कडा घासून गुळगुळीत करायला सांगा, नाहीतर पोपट नाक घासून घासून जखम करून घेईल. दोन बाजू आणि पाठ बंद ठेवा, प्लायवुडची चालेल, आतून पाण्याने न फुगणारा थर द्या. चारी बाजूंनी उघडा पिंजरा म्हणजे लपायला कोपराच नाही.

छतापाशी मात्र कंजुषी नको. पिंजरा इतका उंच न्या की सिलिंग आणि त्याच्यात मांजर शिरेल एवढी फटच राहू नये. ते जमत नसेल तर वरचा भाग उतरत्या कौलासारखा तिरका करा. आत सगळ्यात वरची फांदी अशी बांधा की तिथे बसलेला पोपट जमिनीवरच्या बंड्याकडे खाली बघेल. खाली बघणाऱ्या इग्वानाची भीती अर्धी होते, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता मी यावर वाद घालत नाही. सांगाडा भिंतीला स्क्रूने पक्का करा. दाराला एक कडी पुरत नाही. खाली एक, वर एक, आणि दोन्ही अशा की ओढून उघडणार नाहीत, फिरवून किंवा उचलून उघडाव्या लागतील. सरकती काच असेल तर तिला कुलूप हवं. सरकतं दार पंजाने ढकलायला बोक्यांना चार दिवसांत जमतं.

दिव्यांचं एक प्रकरण आहे आणि त्यात शहाणी माणसंही फसतात. मांजर आलं म्हणून लोक जाळीच्या जागी काच किंवा ॲक्रिलिक बसवतात आणि यूव्हीबी ट्यूब (उन्हातले अतिनील किरण देणारी) बाहेरून ठेवतात. मांजर आत जाऊ शकत नाही, अगदी बरोबर. पण ते किरणही आत जाऊ शकत नाहीत. साध्या काचेतून यूव्हीबी जवळजवळ येतच नाही आणि बारीक जाळीसुद्धा त्यातला चांगलाच वाटा खाते. ते किरण नाहीत तर ड जीवनसत्त्व तयार होत नाही, कॅल्शियम अंगी लागत नाही, हाडं मऊ पडतात. मांजराने इग्वाना मारला तर निदान कळतं तरी. हा प्रकार सात-आठ महिने चालतो, मग जबडा रबरासारखा लागतो, मागचे पाय थरथरतात आणि माझ्यासमोर येईपर्यंत उशीर झालेला असतो. ट्यूब पिंजऱ्याच्या आत हवी, तिच्याभोवती तारेची टोपली हवी म्हणजे पोपट भाजणार नाही, आणि वर्षभरात बदलायला हवी. ती पेटत राहते पण किरण कमी होत जातात. शेकायच्या फांदीवर 35 ते 38 अंश, बाकी पिंजऱ्यात 27 ते 30 च्या आसपास. झाकणावर नुसता ठेवलेला दिवा मात्र आजच काढा. तो पडला तर इग्वाना, बोका, पडदे कुणाचाच भरवसा नाही. वायरी पट्टीत बंद करून भिंतीवरून न्या.

हे मी उंटावरून शेळ्या हाकत सांगत नाही. 15-16 वर्षांपूर्वी माझ्याच घरी एक लाल कानाचं स्लायडर कासव होतं, अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात नाण्याएवढी मिळतात ती जात. मुलीने जिन्यातलं मांजराचं पिल्लू वर आणलं. मी रोज लोकांना उपदेश करणारा माणूस, टाकीवर ठोकळ जाळी टाकली आणि निर्धास्त झालो. पिल्लू होतं तेवढे दिवस जाळी टिकली. पिल्लाचा बोका झाला आणि एका पहाटे जाळीसकट टाकीत पडला. कासवाला काही झालं नाही. बोक्याच्या पंजाला मात्र कासवाने असा लचका घेतला की टाके घालावे लागले, आणि पाण्यातला हीटर फुटला. वायर ओढल्यामुळे प्लग निघाला म्हणून तिघंही वाचलो. तेव्हापासून माझा नियम एकच: झाकणावर पाच किलोची तांदळाची पिशवी आपटून बघायची. झाकण जागचं हललं तर ते झाकण नाही.

बंड्या आल्यावर पहिले दोन आठवडे त्याला सूनबाईंच्या खोलीतच ठेवा. हे पोपटसाठी आहे तितकंच त्याच्यासाठीही, नवं घर मांजराला लग्नघरापेक्षा जास्त घाबरवतं. लसी, जंतांचं औषध, कानातली खरूज, सगळं या काळात उरकून घ्या. नसबंदी झालेली नसेल तर तीही. या पंधरवड्यात पोपटला बंड्याचा वास आधी पोचेल, कारण इग्वाना जीभ बाहेर काढून हवेतला वास चाखतो. बोक्याला कुरवाळलेल्या हाताने पोपटला पालेभाजी दिली तर तो हातच अनोळखी होतो आणि एरवी गरीब असलेला इग्वाना फटकारतो. हात धुऊनच जा. रोज खाणं किती संपलं आणि शी झाली का, एवढं एका वहीत लिहा. आठवड्यातून एकदा स्वयंपाकघरातल्या काट्यावर नव्हे, वेगळ्या काट्यावर वजन.

त्यानंतर बंड्याला हॉलमध्ये येऊ द्या, घरातलं कुणीतरी तिथे असताना. तो पिंजऱ्याकडे बघणारच. बघू दे. पण डोळ्यांतल्या बाहुल्या मोठ्या झाल्या, अंग जमिनीला चिकटलं, शेपटीचं टोक फटकन हललं की त्याला हाक मारून दुसरीकडे वळवा, दोरीला बांधलेलं पीस किंवा खाऊ दाखवून. पाणी मारू नका, ओरडू नका. ओरडल्याने तो एवढंच शिकतो की हे उद्योग तुम्ही नसताना करायचे. त्यापेक्षा त्याला दुसरी उंच जागा द्या, पोपटचा पिंजरा दिसणार नाही अशा खिडकीत. खाली कावळे, कबुतरं, सोसायटीचा वॉचमन, त्याचा वेळ मजेत जातो. संध्याकाळी जेवण देण्याआधी दहा-पंधरा मिनिटं दमवून खेळवा. शिकार, मग जेवण, मग अंग चाटणं, मग झोप, हा मांजराचा क्रम आहे. तो घरातच पुरा झाला की बाहेरचं खूळ बरंच कमी होतं.

रात्र सगळ्यात वाईट. इग्वाना दिवसाचा प्राणी, अंधार पडला की झोपतो, अंग गार होतं आणि गार अंगाने त्याला धड पळताही येत नाही. मांजर नेमकं पहाटे आणि तिन्हीसांजेला जागं. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली जातो, तेव्हा पोपटला रात्री सिरॅमिक हीटर लागणार, आणि अख्ख्या घरात ऊब असलेली जागा पुन्हा तीच. म्हणून रात्री हॉलचं दार बंद, किंवा बंड्या बेडरूममध्ये. दोघांपैकी एक दार बंद असल्याशिवाय घरातल्या कुणी झोपायचं नाही. वर्षभर सगळं सुरळीत गेलं तरी हे सोडू नका. ‘आता सवय झाली दोघांना’ हे वाक्य मी बहुतेक वेळा जखम शिवताना ऐकलंय.

गॅलरीतला तास पोपटचा हक्क आहे, तो काढून घेऊ नका. खरं ऊन कुठल्याही ट्यूबपेक्षा बरं. पण आता त्याला वेळापत्रक लागेल: पोपट बाहेर तर बंड्या खोलीत आणि दाराला बाहेरून कडी. आमच्या एका ग्राहकबाई कडीला लाल रिबन बांधतात. रिबन असेल तर दार उघडायचं नाही, बस. ही रिबन कुणासाठी, तर कामाला येणाऱ्या मावशींसाठी, कुरिअर घ्यायला धावणाऱ्या मुलासाठी, सुट्टीत आलेल्या भाचरांसाठी. मी पाहिलेल्या अपघातांत मांजराने दार उघडल्याची उदाहरणं मोजकी. बहुतेक वेळा दार माणसानेच उघडं टाकलेलं असतं. मावशींना पहिल्याच दिवशी सगळं समजावून सांगा, आणि त्यांच्याकडून एकदा म्हणवून घ्या.

आणि फक्त पोपटचीच काळजी करू नका. चार वर्षांच्या नराची शेपटी चाबकासारखी लागते, डोळ्यावर बसली तर मांजराचं बुबुळ फाटतं. दात करवतीसारखे असतात. विणीच्या हंगामात नर नारिंगी पडतो, मान हलवत फिरतो, आणि तेव्हा तो मालकालाही जुमानत नाही. आणखी एक उलटा धोका: मांजराचं खाणं. इग्वाना शुद्ध शाकाहारी. तुम्ही देत असाल ती शेवग्याची पानं, जास्वंदीची फुलं, लाल भोपळा हेच त्याचं पंचपक्वान्न. पण बंड्याची वाटी खाली दिसली तर तो चवीने खाईल, आणि इतकं प्रथिन सतत पोटात गेलं तर त्याचं मूत्रपिंड बसतं. वाटी उचलून ठेवा. औषधांची पण अदलाबदल नको. सरड्यांच्या गोचीड-किड्यांवर लोक परमेथ्रिनचे फवारे मारतात, त्या घरातलं मांजर झटके येऊन मरू शकतं. मांजराच्या कानातल्या खरजेवर वापरतात ते आयव्हरमेक्टिन कासवाला प्राणघातक ठरतं. तुमच्याकडे कासव नाही, पण हे वाचणाऱ्या कुणाकडे असेल.

समजा, एवढं करूनही पंजा किंवा दात लागलाच. मांजराचा दात सुईसारखा, भोक टाचणीएवढं पडतं, वरून लगेच मिटतं आणि तोंडातले जंतू आत कोंडले जातात. इग्वानाला ताप येत नाही, तो कण्हत नाही. त्याचा पू सुद्धा आपल्यासारखा पातळ नसतो, पनीरसारखा घट्ट गोळा होतो आणि आठ-दहा दिवसांनी गाठ म्हणून हाताला लागतो. तोवर जंतू रक्तात गेलेले असतात. म्हणून जखम दिसो न दिसो, मांजराच्या तोंडातून सुटलेला सरपटणारा प्राणी त्याच दिवशी डॉक्टरकडे गेला पाहिजे. घरी एवढंच करा: पोव्हिडोन आयोडीन पाण्यात फिक्कट चहाच्या रंगाचं करून जखम धुवा, स्वच्छ कापडाने रक्त दाबा, हवेची भोकं असलेल्या खोक्यात उबदार ठेवून निघा. हळद भरू नका, तेल लावू नका, माणसाची वेदनाशामक गोळी तर मुळीच नको. शेपटी तुटली तर घाबरू नका, तुटलेला तुकडा आणायची गरज नाही, शेपटी बहुधा पुन्हा येते, जरा आखूड आणि काळपट. डॉक्टरांना आधी फोन करून विचारा की सरपटणारे प्राणी बघता का, सगळे बघत नाहीत. अँटिबायोटिक सुरू झालं की काही इंजेक्शनं तीन दिवसांतून एकदाच असतात. डॉक्टर विसरले असं समजू नका, या प्राण्यांच्या शरीरातून औषध सावकाश बाहेर पडतं. आणि उपचार चालू असताना पिंजऱ्याचं तापमान घसरू देऊ नका. गारठलेल्या अंगात त्याची प्रतिकारशक्तीच झोपते, मग महागडं औषधही वाया.

बाकी दोन गोष्टी पटकन. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या विष्ठेत साल्मोनेला, म्हणजे माणसाला जुलाब-ताप आणणारा जंतू, असू शकतो, त्यांना स्वतःला त्याचा त्रास होत नाही. पोपटचं पाण्याचं भांडं बंड्याने चाटता कामा नये, आणि ते स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये घासू नका. पुढेमागे घरात पाळणा हललाच तर हे दुप्पट कडक पाळा. अमेरिकेत 1975 साली चार इंचांहून लहान कासवं विकायला बंदी घातली गेली ती याच जंतूमुळे, पोरं ती तोंडात घालत म्हणून. दुसरी गोष्ट कागदांची. इग्वाना वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय साइटीस कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे आणि 2024 च्या नियमांनुसार अशा परदेशी प्राण्याची नोंद केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. मुलाला विचारा, केली आहे का. शेजारी कुणी घोरपड समजून तक्रार करतात तेव्हा तो कागदच उपयोगी पडतो. घोरपड आपली, ती पाळणं गुन्हा. तसंच चांदणी कासवाचंही, कुणी कितीही ‘लकी’ म्हणून देऊ केलं तरी.

आणि नाहीच जमलं, पोपटने महिनाभर धड खाल्लं नाही, तर प्राणी दुसऱ्या घरी द्यायचा विचार करा, पण कृपा करून त्याला तुमच्या जवळच्या एआरएआयच्या टेकडीवर सोडून येऊ नका. थंडीत तो मरेल, नाहीतर कुत्री फाडतील.

लग्न पुढच्या महिन्यात म्हणजे फॅब्रिकेटरला आजच गाठायला हवं, ही मंडळी सांगितलेल्या तारखेला देत नाहीत. पिंजरा तयार झाला की मला फोटो पाठवा. समोरून काढलेला नको. स्टुलावर चढून छताचा काढा.